पाच महिने व्हॅनमध्ये: न्यूझीलंड, आणि दुपारी अडीचचा फोन

दसरा झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघं, मी आणि बायको, ठाण्यातल्या नौपाड्यातून निघालो. पाडव्याच्या आत परत आलो. मधले पाच महिने न्यूझीलंडमध्ये एका सेकंडहँड कॅम्परव्हॅनमध्ये काढले. भाड्याचा हिशेब पाच महिन्यांना परवडेना, म्हणून ऑकलंडला व्हॅन विकत घेतली आणि निघताना क्राइस्टचर्चला विकून टाकली. अंतर झालं साधारण नऊ हजार किलोमीटर.

आधी गाडीबद्दल. तिथेही डाव्या बाजूनेच चालवायचं, त्यामुळे हात लगेच बसला. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्स चाललं. एकेरी पुलांची मात्र सवय करावी लागते. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. डिझेल गाडीला रस्त्याचा कर वेगळा असतो आणि तो हजार-हजार किलोमीटरचा आगाऊ विकत घ्यावा लागतो, तेव्हा डिझेलच्या भावाबरोबर तोही हिशेबात धरा. व्हॅनमध्ये कायमचा बसवलेला संडास आणि तसं प्रमाणपत्र असलेलीच गाडी घ्या. त्याशिवाय बऱ्याच फुकटच्या जागांवर रात्री थांबता येत नाही. संडासाची टाकी आम्ही दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी केलेल्या ठरावीक जागी, रिकामी करायचो. पहिले दोनदा जिवावर आलं, नंतर अंगवळणी पडलं.

हीटरने डिसेंबरात दगा दिला, तोही टेकापो तळ्याकाठी. तिकडे डिसेंबरात उन्हाळा, तरी रात्री गारठा होता. दुरुस्तीला चार दिवस गेले. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने हा बिघाड आधी सांगितला नव्हता, याचा राग अजून आहे. घेण्याआधी हीटर अर्धा तास चालवून बघा.

स्वयंपाकाचं सांगतो. गोडा मसाला आणि मेतकूट पॅकबंद नेलं आणि विमानतळावर कार्डावर जाहीर केलं. पाकिटं बघून अधिकाऱ्यांनी परत दिली. मध आणि घरचं तूप नेलं नाही. खाण्याचं काही लपवलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे. फोडणी मात्र व्हॅनच्या आत देऊ नका. मोहरी-हिंगाचा वास गाद्यांमध्ये आठवडाभर राहतो. आम्ही मागचं दार उघडून, वाऱ्याला पाठ करून बाहेर शेगडी मांडायचो.

आता मुख्य गोष्ट. घराची आठवण गाडी चालवताना येत नाही, गाडी थांबली की येते. आम्हाला ती पहिल्यांदा नरकचतुर्दशीला आली. वेलिंग्टनहून साडेतीन तासांच्या फेरीबोटीने दक्षिण बेटावर पिक्टनला उतरलो होतो. पहाटे पाचला कॅम्पच्या न्हाणीघरात उटणं लावून अंघोळ केली, फराळाचा डबा उघडला, आणि लक्षात आलं की ठाण्यात अजून आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तलावपाळीवर दिवाळी पहाटेची गर्दी व्हायला अजून कित्येक तास होते. शुभेच्छा द्यायला फोन करावा असं कुणी नव्हतं. बायको चकली हातात धरून नुसती बसली होती.

त्यानंतर आम्ही दिवसातून चार-चार फोन करायला लागलो. त्याने त्रास वाढला. आमची रात्र म्हणजे तिकडची दुपार, आई झोपेतून उठून बोलायची, भाऊ ऑफिसात. धड कुणाशीच बोलणं होईना. शेवटी आईनेच सांगितलं, "अरे, माझ्या चहाच्या वेळी कर ना." आई सकाळी सातला चहा घेते. म्हणजे तिथले दुपारचे अडीच.

तेव्हापासून दिवसाचा आराखडाच बदलला. दोनच्या आत गाडी उभी, रेंज बघून. अडीचला फोन, वीस मिनिटं, आणि बाकी दिवस फोन बॅगेत. आई कोपिनेश्वराला जाऊन आली की नाही, खाली भाजीवाला काय घेऊन आला, हे सगळं ऐकायचं. आपल्याकडचं सांगण्यापेक्षा तिकडचं ऐकलं की मन शांत होतं, हा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट: एका जागी किमान तीन रात्री राहा. सुरुवातीला आम्ही रोज जागा बदलायचो, आणि सकाळी उठून खिडकीबाहेर काय आहे हेच आठवायचं नाही. तीन रात्री राहिलं की शेजारची व्हॅनवाली मंडळी हात करतात, आपली कपडे वाळत घालायची दोरी आपल्या झाडाला बांधलेली राहते. मिलफर्डच्या रस्त्यावर रेंज नव्हती आणि ते तीन दिवस फोनही झाला नाही, तरी जड गेलं नाही. आईला आधी सांगून ठेवलं होतं.

मार्गशीर्षातली संकष्टी टेकापोलाच आली. उन्हाळ्यात तिथे साडेनऊपर्यंत उजेड, चंद्र उगवायला अकरा वाजून गेले. बायको उपाशी, मी शाल घेऊन तिच्याजवळ. तो परिसर २०१२ पासून आकाशदर्शनासाठी राखलेला आहे, दिवे फार नाहीत, त्यामुळे चंद्र वर आला तो डोळे दिपवणारा. ती म्हणाली, "अहो, ससा उलटा आहे." खरंच उलटा होता. दक्षिण गोलार्धात तो तसाच दिसतो. तिने अर्घ्य दिलं, आम्ही दोघांनी हळू आवाजात आरती म्हटली आणि मोदकाच्या जागी गूळ-खोबरं खाल्लं. दुसऱ्या दिवशी अडीचला आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी काल गॅलरीतून बघितला. आपला सरळच आहे हो." त्या फोनवर आम्ही तिघंही खूप वेळ बोललो.

पुन्हा जाणार आहोत, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, झाडं पिवळी होतात तेव्हा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे आईचा चहा तिथल्या दीडला. गाडी एकच्या आत उभी करावी लागेल.