लिव्ह-इन की नोंदणी विवाह? आधी शेवटाचं बघा

'इतकी वर्षं एकत्र राहिलं की कायद्यानं नवरा-बायकोच' हे पुण्या-मुंबईत अगदी ठामपणे सांगितलं जातं. पण वर्षांचा असा आकडा भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. ज्या अमेरिकेकडे बोट दाखवून हे सांगतात, तिथेही बहुतेक राज्यांनी 'कॉमन लॉ मॅरेज', म्हणजे विधी किंवा परवान्याशिवाय मानलं जाणारं लग्न, कधीच बंद केलंय. कॅलिफोर्नियानं 1895 मध्ये, न्यूयॉर्कनं 1933 मध्ये. टेक्ससमध्ये ते अजून आहे. आपण विवाहित आहोत असं दोघांनी ठरवलं, राज्यात एकत्र राहिले आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावरले, की लग्न झालं. पण ते पूर्ण लग्न असतं आणि मोडायचं तर रीतसर घटस्फोटच घ्यावा लागतो. ह्यूस्टनमधल्या भाच्याचा हा नियम नाशिकच्या भाचीला लागू नाही.

आपल्याकडे लिव्ह-इनला एकच एक दर्जा नाही. ज्या कामासाठी कोर्टात जाल, त्या कामापुरता तो मिळतो किंवा मिळत नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचा आधार म्हणजे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्यात 'विवाहसदृश संबंध' धरले आहेत. म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात सांगितलं: दोघं लग्नाच्या वयाचे हवेत, लग्न करायला मोकळे हवेत, बराच काळ स्वखुशीनं एकत्र राहिलेले आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत. 'मोकळे' या अटीवर अनेक जणी अडतात. 2013 च्या इंद्रा शर्मा खटल्यात पुरुष आधीच विवाहित होता आणि तिला ते माहीत होतं. अनेक वर्षं एकत्र राहूनही तिला या कायद्याचा आधार मिळाला नाही.

अटी बसल्या तर घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, संरक्षणाचा आदेश हे सगळं मागता येतं. पण हा कायदा स्त्रीसाठी आहे. पाच वर्षं घरभाडं भरणाऱ्या पुरुषाला यातून काही मागता येत नाही.

दुसरा आधार 'विवाहाच्या गृहीतका'चा. दीर्घकाळ जोडपं म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालं असावं, असं कोर्ट धरून चालतं आणि ते खोटं पाडायची जबाबदारी समोरच्यावर येते. 1978 च्या बद्रीप्रसाद खटल्यातलं जोडपं सुमारे 50 वर्षं एकत्र होतं. 2022 मध्ये केरळमधल्या एका खटल्यात याच आधारावर मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळाला. ऐकायला छान वाटतं, पण असे दावे बहुतेकदा कुणीतरी गेल्यावर लढले जातात. तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला तेव्हा शेजारी उरलेले असतील का, कुणी सांगावं?

नोंदणी विवाहाची गोष्ट उलटी. सगळी कटकट सुरुवातीला. विशेष विवाह कायदा 1954 प्रमाणे दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, 30 दिवस हरकतींची वाट बघायची, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथेही जाते. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्यांना हा महिना जड जातो आणि बरीच जोडपी याच भीतीनं लिव्ह-इनमध्ये राहतात. ही भीती खोटी नाही. दोघंही हिंदू असतील तर विधी करून नंतर वॉर्ड ऑफिसात नोंदणीचा मार्ग आहे, पण विधी खरोखर झालेले हवेत. नुसतं प्रमाणपत्र म्हणजे हिंदू विवाह नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट केलं. नोटरीच्या स्टँपपेपरवर 'लग्न' लावून देणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्यानं लग्न होत नाही.

आता मोडण्याकडे. लिव्ह-इन मोडायला ना अर्ज, ना वकील. बॅग भरली की संपलं. हे स्वातंत्र्य खरं आहे, पण ते जाणाऱ्याचं असतं. मागे राहणाऱ्याच्या हाती कर्जाचे हप्ते, दुसऱ्याच्या नावावरचा फ्लॅट आणि व्हॉट्सअॅपवरचे जुने मेसेज उरतात. विवाहात बाहेर पडणं लांबतं. पहिल्या वर्षात सहसा घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्पर संमतीनं घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 पासून हे सहा महिने कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं. एकानं नकार दिला तर मात्र कौटुंबिक न्यायालयात वर्षं जातात. पण पोटगी, घर, मुलांचा ताबा यांवर निर्णय देणारं कुणीतरी तिथे बसलेलं असतं.

मृत्यूचा विचार मात्र कुणी करत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पत्नी पहिल्या वर्गातली वारस आहे. लिव्ह-इनमधला जोडीदार यादीतच नाही. 'मी नॉमिनी आहे ना' हा दिलासाही फसवा आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या बाबतीत 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. दहा वर्षं सोबत राहिलेल्या बाईच्या हातून फ्लॅटची किल्ली गेलेल्या जोडीदाराचा सख्खा भाऊ घेऊन जाऊ शकतो आणि कायदा बहुधा त्याच्या बाजूनं असेल.

मूल हवं असेल तर फरक आणखी वाढतो. जोडपं म्हणून दत्तक घ्यायला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं आणि जोडपं म्हणून सरोगसीही विवाहितांनाच करता येते.

माझं मत विचाराल तर एकीनं नोकरी सोडायची असेल, घर मिळून घ्यायचं असेल किंवा मूल हवं असेल, तर नोंदणी करा. भिन्न धर्मांचे असाल तर आधी वकिलाला विचारा. विशेष विवाह कायद्याखालच्या अशा लग्नानं हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो आणि वारसाहक्काचा कायदाही बदलतो. दोघं कमावते, खाती वेगळी, एकमेकांना अजून जोखत आहात, तर लिव्ह-इन शहाणपणाचंच आहे. फक्त भाडेकरारावर दोघांची नावं घाला, मोठ्या खरेदीत कुणी किती घातले ते लिहून ठेवा आणि मृत्युपत्र करा. तिशीत मृत्युपत्र विचित्र वाटतं, तरी करा. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारल्यामुळे समलिंगी जोडप्यांना तर नोंदणीचा पर्यायच नाही, त्यामुळे त्यांचा सगळा भार या कागदांवरच आहे.

राज्य बदललं तर हिशेब बदलतो. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. उत्तराखंडात जानेवारी 2025 पासून लिव्ह-इनचीच नोंदणी महिन्याभरात करावी लागते. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि नातं संपवलं तरी तेही कळवावं लागतं. देहरादूनला बदली होणार असेल तर सामान बांधण्याआधी एवढं वाचून घ्या.