सातमाळेच्या कोरड्या डोंगरांत वन्यजीवांसाठी पाणी: बशी, कातळटाके, सौरपंप की जुना झरा?

नाशिक जिल्ह्यातील चांदवड, येवला, नांदगाव आणि मालेगाव या तालुक्यांतील उघड्या डोंगरांवर वन्यप्राण्यांसाठी पाण्याची सोय करावी, ही कल्पना दर उन्हाळ्यात एखाद्या निसर्गमंडळाच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुढे येते आणि बहुतेक वेळा चर्चा सिमेंटची बशी बांधायला किती खर्च येईल यावरच संपते. वर्गणी जमलेली असते, वनविभागाची परवानगी मिळण्यासारखी असते आणि बशी दोन-तीन दिवसांत उभी राहते, त्यामुळे दुसऱ्या पर्यायांचा विचार करण्याची गरज कुणाला वाटत नाही. ज्यांना असा निर्णय येत्या हंगामात घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

या विषयावरचा सर्वांत दीर्घ अनुभव आपल्याकडचा नसून अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी डोंगरांतला आहे. तेथील मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांसाठी नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत गेली कित्येक दशके पावसाचे पाणी अडवून साठवणारी टाकी बांधली जात आहेत. सह्याद्रीत रानमेंढ्या नाहीत. भारतातील नयान आणि शापू या रानमेंढ्या लडाखच्या बाजूला आढळतात. तरीही तुटलेले कडे, विरळ गवत आणि कोरडे ओढे या बाबतीत तो प्रदेश आणि आपली अंकाई-मनमाडकडची डोंगररांग यांचे प्रश्न पुष्कळसे सारखे आहेत, आणि तिथे काय फसले हे समजून घेणे स्वस्तात मिळालेले शिक्षण आहे.

पहिला प्रश्न पाणी कुणासाठी, हा आहे. चिंकारा पाल्यातून आणि दवातून बरीच गरज भागवतो आणि पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो; काळवीट, मोर, तरस आणि बिबट्या यांची गोष्ट वेगळी आहे. ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्राच्या परिसरात काळविटांचे कळप असल्याने तिथे पाण्याची मागणी खरी आहे, परंतु केवळ चिंकाऱ्यासाठी एखाद्या डोंगरावर पाणवठा बांधायचा असेल, तर तोच पैसा चराईबंदी पाळण्यावर आणि वणवा रोखण्यासाठी जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढण्यावर खर्च करणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे माझे मत आहे. गवत नसलेल्या जागी पाणी ठेवल्याने प्राणी वाढत नाहीत. अमेरिकेतील वादही याच मुद्द्याभोवती फिरतो. ॲरिझोनातील कोफा अभयारण्यात रानमेंढ्यांची अंदाजे संख्या २००० साली ८१२ होती, ती २००६ साली ३९० पर्यंत घसरली, आणि २००७ साली तेथे दोन नवी टाकी बांधण्यात आली. हा प्रदेश कायद्याने यंत्रे आणि बांधकामांपासून मुक्त ठेवलेला असल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली संघीय अपील न्यायालयाने असे म्हटले, की ही बांधकामे आवश्यकच होती हे संबंधित खात्याने पुरेसे दाखवून दिलेले नाही. घट पाण्याअभावी झाली, की शिकारी प्राणी, रोग आणि चारा यांमुळे, हे आधी ठरवायला हवे होते, असा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

आता बशी. तीन मीटर व्यासाची आणि मध्यभागी तीस सेंटिमीटर खोल अशी उथळ बशी धरली, तर तिच्यात साधारण हजार लिटर पाणी मावते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या पूर्व भागात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने रोज सुमारे दहा मिलिमीटर उतरते असे मानले, तर भरलेली बशी एकाही प्राण्याने तोंड न लावता महिनाभरात कोरडी होते, आणि कडा उथळ असल्याने निम्मे पाणी पहिल्या नऊ दिवसांतच जाते. तीस काळविटांचा कळप, प्रत्येकी दोन-तीन लिटर, आणि त्यात पक्षी व इतर प्राणी धरून रोजची गरज शंभर लिटर मानली, तर पिणे आणि उडून जाणे मिळून बशी सहा दिवसांत रिकामी होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिन्यांसाठी याचा अर्थ टँकरच्या वीस खेपा होतो. पाणी एकूण वीस हजार लिटरच लागते, पण साठवायला जागाच नसल्याने ते दोन मोठ्या खेपांत आणता येत नाही. बशीचा खरा खर्च बांधकामात नसून या खेपांत आहे, आणि तो अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही. शिवाय ज्या गावांत माणसे स्वतः टँकरची वाट पाहत असतात, तेथून पाण्याचा टँकर डोंगराकडे जाताना पाहून लोकांच्या मनात काय येईल, याचाही विचार व्हावा. बशीची एकच जमेची बाजू खरी आहे: तिचा उतार सौम्य असल्याने पिल्ले आत पडून अडकत नाहीत. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत घसरून बुडणारी हरणे आणि कठडा नसलेल्या विहिरींत पडणारे बिबटे या जिल्ह्याला नवे नाहीत, त्यामुळे ही बाजू कमी लेखू नये.

कातळटाके, म्हणजे उघड्या कातळावरचे किंवा पत्र्यावरचे पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत घेऊन लहानशा कुंडीतून प्राण्यांना देणे, हा अमेरिकेतील पद्धतीला सर्वांत जवळचा पर्याय आहे, आणि आपल्या भूरचनेला तो चांगला मानवतो. इंद्राई, राजधेर, अंकाई या किल्ल्यांवरची खोदीव टाकी याच तत्त्वावर शतकानुशतके पाणी धरून आहेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपण वाईट वर्ष गृहीत धरून अडीचशे मिलिमीटर पाऊस धरू आणि त्यातले सत्तर टक्केच हाती येईल असे मानू. तरी प्रत्येक चौरस मीटरमागे पावणेदोनशे लिटर पडतात, म्हणजे पंधरा हजार लिटरची टाकी भरण्यासाठी सुमारे नव्वद चौरस मीटर पाणलोट पुरतो. वरील कळपाची चार महिन्यांची गरज बारा हजार लिटर आहे आणि टाकी झाकलेली असल्याने बाष्पीभवन फक्त कुंडीपुरते होते. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटात पाऊस याहून पुष्कळ कमी पडतो. आपला पाऊस जास्त, पण चार महिन्यांत आटोपणारा आहे, त्यामुळे इथे पाणलोटापेक्षा साठवणुकीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

परंतु याच पद्धतीचा सर्वांत वाईट अनुभवही तिथलाच आहे. मोहावे वाळवंटातील ओल्ड डॅड पीक या डोंगराजवळ १९९५ च्या उन्हाळ्याअखेरीस किमान ४५ रानमेंढ्या दगावल्या. काही मेंढ्या टाक्यात पडून बुडाल्या, त्यांची शरीरे पाण्यात कुजली, त्यातून बोट्युलिझमचे विष तयार झाले आणि तेच पाणी पिऊन बाकीच्या मेल्या. म्हणून टाकीचे तोंड पूर्ण बंद असणे, कुंडी उथळ असणे आणि तिच्यात खडबडीत उतार असणे या तीन गोष्टींत काटकसर करू नये. दुसरा धडा यंत्रांचा आहे. कुंडीतील पातळी राखण्यासाठी बसवलेले तरंगते व्हॉल्व्ह अडकतात, गळतात किंवा प्राणी ते मोडतात, म्हणून तेथील नव्या रचनांत कुंडी आणि टाकी एकाच पातळीवर ठेवून व्हॉल्व्हच काढून टाकलेला असतो. ठिबक सिंचन पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही. आणि तरीही सलग दुष्काळात तिथे टाक्यांत हेलिकॉप्टरने पाणी आणून ओतावे लागते. आपोआप भरणारे टाके म्हणजे देखरेख न लागणारे टाके, असा समज करून घेऊ नये.

सौरपंप आणि कूपनलिका यांबद्दल फार लिहिण्याची गरज वाटत नाही. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांत हा पर्याय वापरला जातो आणि कर्मचारी रोज फिरत असल्याने तिथे तो चालतो. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांत बेसाल्टमधील भूजल कांद्याच्या शेतीसाठीच अपुरे पडते, पंप आणि पॅनेल चोरीला जाण्याची भीती असते, आणि कूपनलिका मे महिन्यात, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी, कोरडी पडू शकते. जवळ वनरक्षकाची चौकी नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा.

जुने झरे आणि झिरे मात्र बैठकीत सर्वांत शेवटी आठवतात. आपल्या डोंगरांत सच्छिद्र किंवा भेगाळ बेसाल्टच्या थराखाली घट्ट कातळाचा किंवा लाल मातीचा थर आला, की त्या सांध्यावर पाणी बाहेर येते. असे झरे गाळाने, दगडांनी किंवा वाढलेल्या झुडपांनी बुजतात. काही ठिकाणी वरच्या अंगाला झालेल्या खोदकामामुळे पाण्याची वाटच बदलते. झरा मोकळा करणे, त्याच्या वरच्या उतारावर दगडी बांध आणि चर घेऊन पाणी मुरवणे, आणि खाली उथळ दगडी कुंड करणे यात सिमेंट जवळपास लागत नाही, प्राण्यांना जागा आधीच माहीत असते आणि वनविभागालाही परवानगी देणे सोपे जाते. मर्यादा अशी, की तासाला किती पाणी येते यावर सगळे अवलंबून असते. मिनिटाला एक पेला, म्हणजे सुमारे दोनशे मिलिलिटर, देणारा झरासुद्धा दिवसाला जवळपास तीनशे लिटर देतो आणि वरच्या कळपाला पुरून उरतो. त्यामुळे बारीक धार दिसली म्हणून झरा बाद करू नये, घड्याळ लावून मोजावा.

एक अडचण चारही पर्यायांना सारखीच लागू आहे. पाणी ठेवले की पाळीव जनावरे येणारच, आणि ज्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरते तळ, हिवाळा-उन्हाळ्यात या भागातून फिरतात, त्यांना पाण्यापासून हुसकावणे न्याय्यही नाही आणि शक्यही नाही. पण अमेरिकेत पाळीव मेंढ्यांकडून रानमेंढ्यांना न्यूमोनियाची लागण होणे हा मोठा धोका मानला जातो, आणि २०१३ साली त्याच ओल्ड डॅड पीकच्या परिसरात अशी साथ आली. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत काळविटांनाही होऊ शकतो. व्यवहार्य मार्ग असा, की प्राण्यांचा पाणवठा वाटेपासून दूर, वरच्या अंगाला ठेवावा आणि जनावरांसाठी खाली, रस्त्यालगत वेगळी हाळ बांधावी. ती भरण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घेतली तर वरच्या पाण्यावरचा ताण आपोआप कमी होतो. वस्तीपासून दूर ठेवण्याचे दुसरे कारण भटकी कुत्री आहेत, कारण पाण्यावर आलेल्या हरणांच्या मागे ती टोळीने लागतात.

यावरून निवड करायची झाल्यास क्रम असा लागतो: मे महिन्यात वाहणारा किंवा ओलसर राहणारा झरा दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात असेल, तर पैसा त्याच्यावरच लावावा, झरा नसेल पण गवत आणि प्राणी दोन्ही असतील, तर झाकलेले कातळटाके, सौरपंप फक्त चौकीजवळ, आणि बशी भीषण दुष्काळात, पुढच्या पावसापर्यंतची तात्पुरती सोय म्हणून, तीही खेपांचे पैसे आधी बाजूला काढल्यावर. वर्गणीचा किमान तिसरा हिस्सा पुढच्या पाच वर्षांच्या साफसफाईसाठी राखून ठेवावा. झऱ्यांची पाहणी मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यातच करावी, कारण दिवाळीनंतर पाहिलेला प्रत्येक झरा बारमाहीच वाटतो. पाहणीला जाताना ज्यांची गुरे त्या डोंगरावर चरतात अशा एखाद्या गुराख्याला बरोबर घ्यावे, त्याला त्याची रोजची मजुरी द्यावी, आणि कातळटाक्याची जागा निश्चित झाली तर वनविभागाकडे अर्ज जूनआधी द्यावा, म्हणजे पावसाळा संपल्यावर लगेच कामाला लागता येईल आणि पुढच्या पावसाचे पाणी टाकीत येईल.