मोल्डे की काँग्सबर्ग? जुलैत नॉर्वेला येऊन जॅझ ऐकणाऱ्यांसाठी

ओस्लोजवळच्या ड्रामेनला राहायला आल्यापासून मे महिन्यात एक फोन ठरलेला असतो. पुण्याचं नाहीतर ठाण्याचं कुणीतरी जुलैत येणार असतं आणि विचारतं, "तिकडे उन्हाळ्यात जॅझचे महोत्सव असतात ना, त्यातला कुठला गाठू?" असे महोत्सव इथे बरेच आहेत, पण जुलैच्या सुट्टीत येणाऱ्यासाठी प्रश्न बहुतेक वेळा दोन गावांपुरताच उरतो. काँग्सबर्गचा महोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात चारेक दिवस चालतो, 1964 पासून. मोल्डेचा जुलैच्या मध्यावर, सोमवार ते शनिवार, 1961 पासून. दोन्हीकडे मी अनेकदा गेले आहे आणि दोन्हीकडचं ऐकणं इतकं वेगळं आहे की "कुठलाही चालेल" असं मला कधी म्हणवत नाही.

फोनवरचा पुढचा प्रश्न असतो, यंदा मोठं नाव कोणाचं? नावावरून ठरवू नका, एवढं मी कळकळीने सांगते. मोठे कलाकार उन्हाळाभर युरोपात फिरत असतात. मोल्डेत वाजवलेला संच चार दिवसांनी दुसऱ्या देशात वाजवतो. शिवाय दोन्हीकडच्या मोकळ्यावरच्या सगळ्यात मोठ्या मैफलींत पॉप-रॉकचे गायकही असतात. तिकडची गर्दी पाहून तिकीट काढलं आणि जॅझ ऐकायचं राहून गेलं, असं होऊ शकतं. त्यापेक्षा आपण कुठे बसून ऐकणार, दोन मैफलींच्या मध्ये काय करणार, रात्री परत कसे येणार, याचा विचार आधी करा.

काँग्सबर्ग चांदीच्या खाणीमुळे वसलेलं गाव. 1623 मध्ये चांदी सापडली, पुढच्याच वर्षी गाव वसलं आणि खाण 1958 पर्यंत चालली. त्या वैभवाच्या काळात, 1761 मध्ये पुरं झालेलं चर्च गावाच्या मधोमध आहे. महोत्सवातल्या काही मैफली तिथे होतात आणि माझ्या मते काँग्सबर्गला जाण्याचं पहिलं कारण तेच. बाहेरून साधी विटांची इमारत. आत गेलं की वेदी, प्रवचनाचा मंच आणि भला मोठा ऑर्गन एकाच भिंतीवर एकावर एक चढवलेले दिसतात आणि चहूबाजूंनी लाकडी सज्जे. दोन हजारांवर माणसं बसतील अशी ती बांधणी आहे. तिथे एकदा एकट्या सॅक्सोफोनची मैफल ऐकली. वादक एक सूर सोडायचा आणि तो सज्ज्यांमधून विरेपर्यंत थांबायचा. कुणी खोकलंसुद्धा नाही. आई त्या वर्षी आमच्याकडे आली होती. तिने आयुष्यभर 'सवाई'ला हजेरी लावलेली, जॅझ मात्र कधी ऐकलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे आलापासारखंच आहे गं, फक्त षड्ज कुठे आहे ते आपल्याला सांगत नाहीत."

आईने हे किती नेमकं सांगितलं, ते मला नंतर जाणवलं. काँग्सबर्गची ओळखच मुक्त, आधी न बांधलेल्या वादनासाठी आहे. चाल नाही, ठेका हरवलेला, दोन ड्रमवादक एकमेकांशी भांडत असल्यासारखे, असंही बरंच ऐकायला मिळतं. ज्यांना नवं काही कानावर पडावं असं वाटतं त्यांच्यासाठी ही पर्वणी आहे. गुणगुणता येईल असं काही हवं असेल, तर कार्यक्रमपत्रिका नीट वाचून निवड करावी लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी थकवा येतो.

जाण्यायेण्याच्या बाबतीत मात्र काँग्सबर्गला तोड नाही. ओस्लोहून रेल्वेने साधारण सव्वा तास. नातेवाइकांकडे उतरून एका दिवसात दोन मैफली ऐकून परतता येतं. एकच काळजी घ्या: जुलैत ओस्लोच्या आसपास रुळांची मोठी कामं काढतात आणि काही मार्गांवर गाडीऐवजी बस धावते. निघण्याच्या दिवशी वेळापत्रक पुन्हा बघा, विशेषतः रात्रीच्या शेवटच्या गाडीचं. मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी महोत्सवाच्या आतच वेगळा बालमहोत्सव असतो, 'बार्निव्हालेन' नावाचा. इथले आईबाप लहानग्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन घालतात. तुम्हीही घाला, मोकळ्यावरचे भोंगे जोरदार असतात.

आता मोल्डे. इथे जायला दिवस मोडावे लागतात. ओस्लोहून विमानाने तासाभरात पोहोचता येतं, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने रेल्वेनेच जावं असा माझा आग्रह असतो. डोम्बोसला गाडी बदलून राउमाच्या मार्गाने ओन्डाल्सनेसपर्यंत जायचं, वाटेत ट्रोलवेगेनचा हजार मीटरचा सरळसोट कडा, आणि पुढे बस. सगळा दिवस जातो, पण मोल्डेत पोहोचेपर्यंत कान रिकामे झालेले असतात. गाव फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावर आहे आणि समोर शिखरांची रांगच्या रांग. वार्डन टेकडीवरून 222 शिखरं दिसतात असं तिथे सांगतात. रात्री अकराच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि नंतरही काळोख असा होत नाही. शेवटची मैफल संपवून उजेडातच खोलीवर जायचं.

मोल्डेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे निवासी कलाकाराची प्रथा. 2000 पासून दरवर्षी एका कलाकाराला आठवडाभर बोलावतात आणि तो जवळजवळ रोज वेगळ्या साथीदारांबरोबर वाजवतो. पहिल्या वर्षी अमेरिकी पियानोवादक चिक कोरिया होते आणि त्यांनी ट्रॉन्डहाइमच्या जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं. आपल्याकडे एखाद्या गायकाला आपण एका रात्रीत दीड तास ऐकतो. तोच गायक सोमवारी एकटा, बुधवारी दुसऱ्या घराण्याच्या गायकाबरोबर, शुक्रवारी मोठ्या वाद्यवृंदात ऐकायला मिळाला तर कसं वाटेल, याची कल्पना करा. चौथ्या दिवशी त्याच्या सवयी कळायला लागतात. कुठे तो श्वास घेतो, कुठे साथीदाराला वाट करून देतो, हे आधी जाणवतं आणि तसंच झालं की आनंद होतो. म्हणून मोल्डेला दोन दिवसांसाठी जाणं म्हणजे विलंबित ख्याल अस्ताईवरच सोडून उठणं.

नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक तरुण असताना त्याला अमेरिकी संगीतकार जॉर्ज रसेल यांनी 1965 मध्ये ऐकलं ते याच महोत्सवात. गार्बारेकने पुढे झाकीर हुसेन आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ओस्लोत ध्वनिमुद्रण केलं, आणि शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू नंतर त्याच्या संचात तालवाद्यं वाजवत होते. आपल्या कानांना नॉर्वेचं जॅझ परकं वाटत नाही, याला हेही एक कारण असावं.

रोज गावातून वाजतगाजत मिरवणूक निघते, ती फुकट. 2012 मध्ये उघडलेल्या 'प्लासेन' या इमारतीचं उतरतं छप्परच पायऱ्यांचं आहे, तिथे बसून तासन्‌तास जातात. तिकिटाच्या मैफली गावभर विखुरलेल्या असतात, तरी सगळं पायी गाठता येतं. लहान सभागृहातल्या मैफलींना काही शे क्रोनर पडतात, मोकळ्यावरच्या मोठ्यांना त्याहून बरेच जास्त, आणि माझा अनुभव असा की पैसे लहान सभागृहातच वसूल होतात. टाळ्यांचा रिवाज आपल्याला जवळचा आहे: एकेकाचं वादन संपलं की लगेच दाद द्यायची, तिहाईनंतर देतो तशी. मधेच "वा!" मात्र इथे कुणी म्हणत नाही.

मोल्डेची अडचण राहण्याची. हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. पहिल्या वर्षी आम्ही उशीर केला आणि पलीकडच्या काठावर, वेस्टनेसला खोली मिळाली. फेरीबोटीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. रात्रीची बोट गाठायची म्हणून शेवटची मैफल अर्धी सोडून उठलो. आत बास वाजत होता आणि आम्ही धक्क्याकडे पळत होतो, त्याची हळहळ अजून आहे. दुसरी अडचण पावसाची. पश्चिम किनारा आहे, जुलैतही बारा-पंधरा अंश आणि भुरभुर. छत्रीने मागच्याला दिसत नाही, म्हणून टोपीचा रेनकोट न्या. शाकाहारी असाल तर दोन्ही गावांत जेवण महाग आणि निवड थोडी. इथली माणसं ब्रेडचा डबा घरून घेऊन निघतात, आम्ही पोळीभाजीचा नेतो आणि कुणी वळूनही बघत नाही.

तारखा जुळत नसतील तर ऑगस्टच्या मध्याला ओस्लोचा महोत्सव असतो. शहरातला, चांगला, पण मैफल संपली की सगळे ट्रॅम पकडून पांगतात. मेअखेरीला बर्गनमध्ये 'नाटजॅझ' होतो, तो जुन्या सार्डिन कारखान्यात. एका छताखाली अनेक मंच आणि त्यांच्यामध्ये मनसोक्त भटकणं. तरुण मित्रमंडळी येणार असतील तर मी तिकडेच पाठवते.

जुलैत येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे तीन-चारच दिवस आहेत, लहान मुलं आहेत, किंवा जे जॅझ आधीपासून ऐकतात आणि काही अनोळखी ऐकायला तयार आहेत, त्यांना मी काँग्सबर्ग सांगते आणि चर्चमधली निदान एक मैफल घ्यायला लावते. ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही पण बैठकीची सवय आहे आणि हाताशी पूर्ण आठवडा आहे, त्यांनी मोल्डेला जावं. पुढच्या जुलैत आई पुन्हा येते आहे. तिच्यासाठी मोल्डेतली खोली मी आत्ताच, नोव्हेंबरात, धरून ठेवली आहे, धक्क्याच्या अलीकडच्या काठावर.