बाह्य मॉनिटरची लुकलुक आणि सांगलीतील एक दुरुस्ती सेवा

विश्रामबाग परिसरातील संगणक दुरुस्तीच्या एका दुकानाविषयी आवर्जून लिहावेसे वाटते, कारण तेथे विक्रीपेक्षा निदानाला अधिक महत्त्व दिले जाते. लॅपटॉपला जोडलेला माझा फोर-के (म्हणजे अतिशय बारीक तपशील दाखवणारा) मॉनिटर सतत लुकलुकत असे आणि मधूनच क्षणभर काळा पडत असे. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मात्र स्थिर होती. तंत्रज्ञांनी प्रथम रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटते तो दर, ६० हर्ट्झवरून ३० हर्ट्झवर आणला, तेव्हा लुकलुक थांबली, आणि त्यावरून दोष पॅनेलमध्ये नसून जोडणीच्या क्षमतेत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. फोर-के चित्र पूर्ण रंगतपशिलासह ६० हर्ट्झने पाठवायचे तर एचडीएमआय (मॉनिटरला चित्र पोहोचवणारी जोडणी) २.० या आवृत्तीची, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची क्षमता लागते. जुनी किंवा हलकी केबल तेथे अपुरी पडू शकते, आणि अशा वेळी थेट मॉनिटर किंवा मदरबोर्ड बदलायला निघणे हा निव्वळ अपव्यय होय. त्यांनी स्वतःकडील प्रमाणित केबल लावून, ६० हर्ट्झवर बराच वेळ चित्र चालू ठेवून खात्री केली आणि मगच नवी केबल घेण्यास सुचवले. पावती मागून घ्यावी लागते, ही उणीव आहे. तपासणीचे वेगळे पैसे मात्र त्यांनी आकारले नाहीत.