विक्रेता ‘सिक्युअर बूट बंद करा’ म्हणाला, तर ते ग्राफिक्स कार्ड घेऊ नका

मी अमळनेरला लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. आखाजीच्या सुमारास तारखांवर तारखा असतात आणि माझा पीसी एका लग्नाच्या एक्सपोर्टला अख्खी रात्र घेत होता. म्हणून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड शोधत होतो. जाहिरातीत धुळ्याच्या एकाचं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, ५,२०० रुपयांना दिसलं. एसटीने गेलो. त्याने खोलीतल्या जुन्या पीसीवर कार्ड चालवून दाखवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावही बरोबर आलं. “चिंता नको करू भाऊ, कार्ड एकदम भारी शे.” आपल्या अहिराणीत बोलणारा, वर चहा पाजणारा माणूस. मी यूपीआयने पैसे दिले आणि बिलही मागितलं नाही.

घरी कार्ड बसवलं तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. तीच केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर विंडोज नेहमीसारखं सुरू. फोन केला. त्याने जराही विचार न करता सांगितलं, “बायोसमध्ये जाय, सिक्युअर बूट बंद करी टाक, सीएसएम चालू करी टाक. नवा बोर्डले तसंच लागस.”

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज, आणि हे त्यातलेच दोन पर्याय. मी ऐकलं. स्क्रीनवर चित्र आलं, पण ते निळं होतं: बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की टाका. माझ्या ड्राइव्हवर तीन लग्नांचं फुटेज होतं. विंडोज भाच्याने टाकून दिलं होतं, त्यामुळे की त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. तो नाशिकला रात्रपाळीवर. पहाटे अडीचला त्याने एकेक अंक वाचून दाखवला आणि मी थरथरत्या हाताने टाइप केला. सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकरला मशीनशी कुणीतरी छेडछाड केल्यासारखं वाटतं आणि ते की मागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी की लिहून ठेवा, मगच बायोसला हात लावा.

त्या रात्री भाच्याने फोनवर जे समजावलं ते प्रत्येकाला माहीत हवं. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची एक छोटी चिप असते आणि तिच्यात एक प्रोग्रॅम. विंडोज सुरू व्हायच्या आधी मदरबोर्ड तो प्रोग्रॅम चालवतो, म्हणून सुरुवातीचं चित्र दिसतं. नेटवर्क कार्डासारख्या दुसऱ्या कार्डांतही असे प्रोग्रॅम असतात, त्यांना ऑप्शन रॉम म्हणतात. सिक्युअर बूट चालू असेल तर मदरबोर्ड आधी त्या प्रोग्रॅमची डिजिटल सही आपल्याकडच्या मान्य यादीशी ताडून बघतो. सही जुळली नाही तर तो चालवत नाही. सीएसएम ही जुन्या पद्धतीची वाट आहे, तिच्यात ही तपासणीच नाही. म्हणून दोन्ही एकत्र चालत नाहीत.

आता माझं कार्ड बघा. १०५० टीआय २०१६ साली आलं, त्याला युईएफआयचा, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीचा, सही केलेला प्रोग्रॅम असतोच. त्या कार्डाला सीएसएम लागायचं कारणच नाही. २०१०-११ च्या काळातलं खरोखर जुनं कार्ड असेल आणि विक्रेत्याने तसं सांगूनच विकलं असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ चं म्हणून विकलेलं कार्ड ही तपासणी पार करत नसेल, तर त्याच्या रॉमला कुणीतरी हात लावलाय किंवा कार्डच दुसरं आहे.

माझं दुसरंच होतं. कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर कार्ड घेईना. विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर एक लिंक पाठवली, तो ड्रायव्हर टाकला तरी एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ बनवायचं काम कार्डाकडून करून घ्यायचा पर्याय, येईना. मग कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवलं. नावाच्या आधी ‘फेक’ असा शिक्का, चिप जीएफ ११६, कोअर १९२. खऱ्या १०५० टीआयचे ७६८. म्हणजे २०११ चं ५५० टीआय, रॉम बदलून नाव तेवढं नवं चढवलेलं. त्या जुन्या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोडर नसतोच, आणि मी कार्ड घेतलं ते त्याच्याचसाठी!

मग कार्ड काढून उजेडात धरलं. मागच्या पट्टीवर १५ भोकांचा निळा व्हीजीए पोर्ट. १०५० टीआयच्या पिढीपासून त्या कंपनीने अॅनालॉग चित्र देणंच बंद केलं, त्यामुळे खऱ्या कार्डावर हा पोर्ट दिसायला नको. धुळ्यातच मागची बाजू नीट बघितली असती तर माझे पैसे वाचले असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सही जुळली म्हणजे कार्ड अस्सल, असं नाही. सही फक्त त्या प्रोग्रॅमची असते, चिपची नाही. म्हणून तपासणी पार झाली तरी जीपीयू-झेड चालवाच, २०१८ पासून ते अशी बनावट कार्डं ओळखतं. काही बोर्डांच्या बायोसमध्ये ऑप्शन रॉमसाठी ‘ऑलवेज एक्झिक्यूट’ असा पर्याय असतो. विक्रेता तो लावायला सांगेल तर लावू नका. सिक्युअर बूट चालू दिसेल, पण सही नसलेला प्रोग्रॅमही बिनदिक्कत चालेल. आणि कुणी म्हणेल, “मायक्रोसॉफ्टचं २०११ चं सर्टिफिकेट २०२६ पर्यंतचंच, म्हणून कार्ड चालत नाही.” ते ऐकू नका. या सह्या तपासायची २०२३ ची नवी सर्टिफिकेटं आली आहेत, त्यात ऑप्शन रॉमसाठी वेगळं आहे, पण तारीख उलटली म्हणून जुनी सही केलेली कार्डं बंद पडत नाहीत.

कार्ड घ्यायला जाताना आपला पीसी सोबत न्या. सिक्युअर बूट चालू, सीएसएम बंद, केबल कार्डाच्या पोर्टात. चित्र आलं तर पुढे बोला.

मी सिक्युअर बूट परत चालू केलं आणि त्या लिंकवरच्या ड्रायव्हरवर भरवसा नाही म्हणून विंडोज नव्याने टाकलं. दोन दिवस गेले, एका घरची सीडी उशिरा दिली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयची नोंद आणि चॅट जोडलं. कार्ड खोक्यात जपून ठेवलंय, पुरावा म्हणून. विक्रेत्याचा फोन बंद आहे. पण काल चाळीसगावच्या नावाने नवी जाहिरात दिसली, १०५० टीआय, ४,८०० रुपये. फोटो तेच, आणि दुसऱ्या फोटोत तो निळा पोर्ट स्पष्ट दिसतोय.