दोनचं नाणं की दहाचं?

स्मारक नाण्यांत, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांत, दोन रुपयांची मालिका सरस की दहाची? माझा कौल दोनला. अकरा बाजूंचं, तांबे-निकेलचं नाणं. १९९६ सालचे सरदार पटेल, १९९९ सालचे छत्रपती शिवाजी महाराज. महाराजांचं नाणं मला मंडईत मेथीची जुडी घेताना सुट्ट्या पैशांत मिळालं. कडा गुळगुळीत झालेली, पण जिरेटोप आणि नाकाची रेषा अजून ठसठशीत. ते मी कुणालाच देणार नाही!

दहाची दुरंगी नाणीही देखणी. २०१५ सालचं डॉ. आंबेडकरांचं तर हवंच. वर्षाखाली हिऱ्याचा आकार असेल तर ते मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं. नव्यानं जमवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण ही अजून गल्ल्यात सापडतात. दोनसाठी मात्र जुना बाजार गाठावा लागतो.