कर्ज फिटलं, ‘एनओसी’साठी अंगठा दिला आणि नावावर दुसरं कर्ज चढलं

ग्रुप लोन घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येक बाईनं हे वाचावं, आणि जिला वाचता येत नाही तिला घरातल्या कुणीतरी वाचून दाखवावं, म्हणून लिहितेय. माझ्या नावावर ४०,००० रुपयांचं एक कर्ज निघालं. ते मी मागितलं नव्हतं आणि त्यातला एक रुपयाही मी हातात घेतला नव्हता. पण पैसे माझ्याच खात्यात आले होते आणि माझ्याच अंगठ्यानं निघूनही गेले होते. आमच्या सेंटरमध्ये, म्हणजे आठवड्याच्या मीटिंगला एकत्र बसणाऱ्या बायकांमध्ये, अशी मी एकटी नाही.

आधीच सांगते, छोट्या कर्जाला माझा विरोध नाही. पहिलं ३०,००० चं कर्ज मी एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून (बिनतारणाची छोटी कर्जं देणारी कंपनी) शिलाई मशीन आणि पिको-फॉलच्या मशीनसाठी घेतलं, त्यावर काम केलं आणि वेळेत फेडलं. माझ्या नावावर जमीन नाही, घर नाही. बँकेच्या दारात तारणाचा विषय निघाला की माझ्यासारखीचं बोलणं तिथंच संपतं. बिनतारणाच्या बाईला कर्ज देता येतं आणि ती ते फेडते, हे मुहम्मद युनूस यांनी १९७६ पासून बांगलादेशातल्या जोब्रा गावात दाखवून दिलं. त्यातूनच १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक या दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडून सुरुवात केली. या सगळ्याचा फायदा मला झाला आहे. म्हणूनच त्याच वाटेनं कुणी लुबाडतं तेव्हा जास्त लागतं.

मात्र बचत गट आणि कंपनीचा ग्रुप यांत फरक आहे, तो समजून घ्या. बचत गटात पैसा आधी आपला असतो. आपण दर महिन्याला टाकतो, रजिस्टर आपल्याकडे असतं, कुणाला किती द्यायचं ते आपण बसून ठरवतो. कंपनीच्या ग्रुपमध्ये आपली बचत नसते, फक्त कर्ज असतं. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या मायक्रोफायनान्स कंपनीला लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. त्यामुळे हप्त्याबरोबर ‘बचतीचे शंभर-दोनशे’ मागणारा माणूस दिसला तर तो पैसा कंपनीत जात नाही एवढं नक्की समजा. ग्रुप तिथं असतो तो जामीन म्हणून. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. तारणाच्या जागी आपल्या शेजारणी असतात.

आता घडलं ते सांगते.

माझा शेवटचा हप्ता भरून झाला त्या मीटिंगमध्ये साहेबांनी, म्हणजे हप्ते गोळा करायला येणाऱ्या कंपनीच्या माणसानं, माझं लोन कार्ड मागून घेतलं. म्हणाले, “ताई, क्लोजिंगसाठी हे ऑफिसला जमा करावं लागतं. एनओसी आली की देतो. एक थम्ब द्या फक्त.” एनओसी म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला. मोबाइलला लावलेलं ते लाल दिव्याचं छोटं मशीन आम्हाला सगळ्यांना ओळखीचं. पहिल्या कर्जाच्या वेळीही त्यावरच अंगठा दिला होता. साहेबांनी एक फोटोही काढला. पुढच्या मीटिंगला ते आणखी एका मुलाला घेऊन आले. त्याच्याकडेही तसंच मशीन. “एनओसी आलीय, पोच म्हणून थम्ब लागेल.” मी अंगठा लावला. “घेत नाहीये, पुन्हा लावा.” परत लावला. “सर्व्हर स्लो आहे, बोट पुसून लावा.” असं चालू राहिलं. शिवणकाम, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशनच्या दुकानातही आमचे अंगठे पटकन उमटत नाहीत. म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. हाच भरवसा धरून त्यांनी काम केलं.

बाहेर आलं ते बऱ्याच महिन्यांनी. बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करायला गेले तर अधिकारी म्हणाले, सिबिलला, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवतात तिथं, तुमचं एक कर्ज चालू आहे आणि ते थकलंय. मी म्हटलं, माझं कर्ज फिटलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीच कंपनी, ४०,०००, आणि कर्जाची तारीख माझ्या शेवटच्या हप्त्यानंतर थोड्याच दिवसांची.

पासबुक छापून घेतलं तेव्हा सगळं दिसलं. प्रोसेसिंग फी आणि विमा कापून ३८,७०० जमा. त्याखाली ‘एईपीएस’ अशा, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर पैसे काढल्याच्या, नोंदी, १०,०००, पुन्हा १०,०००, पुन्हा १०,००० आणि मग ८,५००. आधार आणि अंगठ्यावर एका वेळी १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत, म्हणून ‘पुन्हा लावा, पुन्हा लावा’. खात्यात त्यातले २०० रुपये तेवढे पडून होते. बँकेचा मेसेज मला आला नाही, कारण खात्याला जोडलेला नंबर घरातला जुना, केव्हाच बंद पडलेला. हे साहेबांना माहीत होतं, आमचे सगळे कागद त्यांच्याकडेच होते. पुढे कर्जाच्या अर्जाची प्रत मिळाली तेव्हा कळलं, त्यातही मोबाइल नंबर माझा नव्हता आणि घराचं उत्पन्न फुगवून लिहिलं होतं. नियम असा आहे की सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. खरा आकडा लिहिला असता तर कर्ज बसलंच नसतं.

मग इतके महिने बोभाटा का झाला नाही? कारण सुरुवातीचे हप्ते साहेब स्वतः भरत होते. एकीच्या नावावर काढलेल्या खोट्या कर्जातून दुसरीच्या खोट्या कर्जाचा हप्ता. प्रत्येकीला वेगळं गाठून सांगितलं होतं, “बाकीच्यांना बोलू नका, तुमची एनओसी लवकर काढून देतोय, पुढचं मोठं लोन तुमचंच आधी करतो.” एका सेंटरमध्ये आठवड्याला समोरासमोर बसणाऱ्या आम्ही बायका, पण एकीला दुसरीचं माहीत नव्हतं. साहेबांची बदली झाल्याचं कळलं, नंतर नोकरी सोडल्याचं, आणि हप्ते थांबले.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जड गेला. नवे साहेब वसुलीला आले ते एकटे नाहीत, ग्रुपमधल्या बायकांना घेऊन. रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून राहायचे. बायका म्हणायच्या, “तुझ्यापायी आमचं लोन अडलंय गं, भरून टाक ना.” ज्या काकू माझ्याकडे ब्लाउज टाकायच्या त्यांनी रस्त्यात बोलणं सोडलं. घरात यांनी दोन दिवस तोंड फिरवलं, मी लपवून कर्ज काढलं असं त्यांना वाटलं. मी त्या बायकांना दोष देत नाही. एकीचा हप्ता आला नाही तर मीटिंगमधून कुणाला उठू देत नव्हते, नवीन कर्ज अडवत होते. त्यांच्याही घरी पोरांची फी, आजारपण होतंच. पण यातून एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. एकमेकींच्या शब्दावर उभा राहिलेला ग्रुप ही आमची ताकद, असं आम्हाला मीटिंगमध्ये शिकवलं गेलं होतं. फसवणाऱ्यानं तीच आडोशाला वापरली. मी ओरडले तर आधी माझ्याच मैत्रिणी मला गप्प करणार, हे त्याला ठाऊक होतं.

आमच्यातल्याच, सेंटर सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुख ताईबद्दल मला विचारतात. तिच्या नावावर तर आमच्यापेक्षा मोठी रक्कम निघाली. ती रडली, शपथा घेतल्या. माझं मत असं की सुरुवातीला तिलाही फसवलं गेलं. पण नंतर काहीतरी चुकतंय हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि मीटिंग तिच्या घरी होते या मानापोटी ती बोलली नाही. तपासात काय ते निघेल.

ओट्यावर बसून राहणं, शेजाऱ्यांसमोर बोलणं, हे सगळं नियमाच्या बाहेर आहे हे मला नंतर समजलं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. संध्याकाळी ६ नंतर आणि सकाळी ९ च्या आधी वसुलीसाठी फोन करायचा नाही. ठरलेल्या जागी ओळीनं दोन वेळा किंवा त्याहून जास्त आपण गेलो नाही तरच घरी यायचं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना छळायचं नाही. कर्मचारी चुकीचं वागला तर जबाबदारी कंपनीची, ‘तो आता आमच्याकडे नाही’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. हे नियम सहज आलेले नाहीत. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका बाईवर चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारनं अध्यादेश काढला. पुढच्या वर्षी मालेगाम समितीचा अहवाल आला आणि अशा कंपन्यांसाठी वेगळे नियम झाले. त्या बायकांनी किंमत मोजल्यावर आलेले नियम आमच्या मीटिंगमध्ये एकदाही वाचून दाखवले गेले नाहीत. कर्ज फेडायची शपथ मात्र दर आठवड्याला म्हणून घेतली.

लोन कार्डाचंही तसंच. कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, प्रत्येक हप्त्याची आणि कर्ज पूर्ण फिटल्याची नोंद त्यावरच झाली पाहिजे, तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर त्यावर पाहिजे. म्हणजे कर्ज फिटल्याचा पुरावा आपल्याच हातातल्या कार्डावर येतो. ‘क्लोजिंगसाठी जमा करा’ म्हणून कुणी ते नेत असेल तर देऊ नका. द्यावंच लागलं तर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. माझं कार्ड परत आलंच नाही. शेवटचे हप्ते भरल्याचं मला शेजारणीच्या मोबाइलमधल्या एका फोटोवरून दाखवावं लागलं.

कंपनीचं पहिलं उत्तर होतं, “अंगठा तुमचाच आहे.” इथं बऱ्याच बायका खचतात आणि हप्ते भरायला लागतात. भरू नका. एक हप्ता भरला की कर्ज मान्य केलं असं म्हणतात. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि कर्जाच्या अर्जाची प्रत, त्यातला मोबाइल नंबर, पैसे टाकल्याची तारीख एवढं मागितलं. बँकेकडून त्या एईपीएस व्यवहारांचा तपशील मागितला, कुठल्या एजंटच्या मशीनवर पैसे निघाले ते त्यातून कळतं. तो एजंट म्हणजे मीटिंगला आलेला तोच मुलगा निघाला, आणि बाकीच्या बायकांच्या पासबुकातही तेच मशीन. इथून पुढं आमचं बोलणं बदललं. ज्या बायका माझ्या ओट्यावर बसल्या होत्या त्याच पासबुकं घेऊन माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. एकेकटीचा नुसता अर्ज घेऊन ठेवतात, सगळ्यांची पासबुकं एकत्र टेबलावर ठेवली तेव्हा गुन्हा नोंदवला गेला.

आज परिस्थिती अशी आहे की कंपनीनं आमच्याकडची वसुली थांबवली आहे, सिबिलवरची नोंद अजून पूर्ण गेलेली नाही, आणि तपास चालू आहे. मुद्राचं माझं काम त्यामुळे अडूनच आहे. माझं ते खोटं कर्जसुद्धा कुठल्यातरी अहवालात ‘ग्रामीण महिलेला दिलेलं कर्ज’ म्हणून मोजलं गेलं असेल, याचा मला फार राग येतो. महिलांना किती कोटी वाटले ते सगळे सांगतात. त्यातले किती पैसे खरंच तिच्या हातात पडले ते कुणीतरी तिच्या घरी येऊन विचारायला हवं.

आता कामाचं. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून (सिबिल ही त्यातलीच एक) आपल्या कर्जांचा अहवाल फुकट मिळतो, सेतू केंद्रातल्या मुलाला सांगितलं तरी काढून देईल. तो दरवर्षी काढा, कर्ज नसलं तरी काढा. बँक खात्याला चालू नंबर जोडा. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, लॉक असेल तर अंगठ्यानं पैसे निघत नाहीत, रेशनला जाताना तेवढं उघडायचं. मशीनवर अंगठा लावण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला लावा. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, आणि तक्रारीला फी नाही. सिबिलची चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. तक्रारीच्या अर्जात हे वाक्य जसंच्या तसं घाला, मी तेच घातलं होतं: “सदर कर्ज मी मागितलेले नाही, त्याची रक्कम मला मिळालेली नाही, माझ्या बोटाचा ठसा एनओसीच्या नावाखाली घेण्यात आला, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी.”